शेंगा कोणी खाल्ल्या?

टिळकांच्या शेंगांची गोष्ट ठाऊक नसलेले मराठी मूल शोधून सापडायचे नाही. वर्गात टरफले पडलेली असतात, गुरुजी सगळ्यांना ती उचलायला लावतात, आणि लहानगा बाळ ताठ उभा राहून सांगतो की मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. एक ऑगस्टला ही गोष्ट आमच्या शाळेत दर वर्षी पाचसात भाषणांतून तरी कानावर येते. तिच्यात खरे किती आणि रचलेले किती, हा वाद इतिहासकारांवर सोडू. मला तिच्यातली एक जागा नेहमी अडते. शेंगा खाल्ल्या कोणी? बाळला ते ठाऊक असणारच. एका खोलीत तीसचाळीस मुले बसलेली असताना शेंग फोडल्याचा आवाज लपत नाही. पण गोष्टीतला बाळ नावे सांगत नाही. आणि त्याने ती सांगितली असती, तर मला वाटते, आपण ही गोष्ट आजवर मुलांना सांगत राहिलो नसतो.

दुसरी गोष्ट गोखल्यांची. सगळी गणिते बरोबर आली म्हणून गुरुजींनी पाठ थोपटली, तर गोपाळ रडू लागला. त्यातले एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले नाही, दुसऱ्याने स्वतःचे घेतले. पुण्याच्या या दोन थोर पुरुषांच्या बाळपणांतून आपण मुलांना हे दोन धडे देतो, आणि दोन्ही उत्तम आहेत. मात्र तिसरा धडा, ज्यात एक मुलगा उठून आपल्या मित्राचे नाव सांगतो आणि तरीही चांगला ठरतो, असा काही मी कोणत्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

यंदाच्या श्रावणात तो धडा एका पत्राच्या रूपाने माझ्याकडे चालत आला. पूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शिकवीत होतो. तिथला माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात अभियांत्रिकीला आहे. त्याच्याबरोबर त्याच गावचे आणखी दोघे इथे आले. एकाच्या वडिलांचे खता-बियाण्यांचे दुकान आहे. त्या मुलाची अर्धी शिक्षण फी सरकार भरते, कारण घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला आहे. दुकानाचा धंदा पाहता हे पत्रलेखकाला पटत नाही. दुसरा एका धर्मादाय वसतिगृहात राहतो. तिथल्या अर्जात 'घरात कमावते कोण' या प्रश्नापुढे त्याने 'फक्त वडील' असे लिहिले. थोरला भाऊ आखातात आहे आणि दर महिन्याला पैसे पाठवतो, हे त्याने स्वतःच हसत हसत सांगितले. आणि गावचा चौथा एक मुलगा, ज्याचे नाव त्याच वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत होते, तो भाड्याची खोली परवडेना म्हणून शिक्षण सोडून रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला लागला. "सर, मी हे सांगू का?" असे विचारून त्याने खाली लिहिले होते, "सांगितले तर मी कोण ठरेन?"

त्याचा पहिला प्रश्न नीतीचा आहे, दुसरा भाषेचा. आणि मौज अशी की दुसऱ्याचे उत्तर आपल्याकडे आधीच तयार असते. चहाडी, चुगली, कागाळी, लावालावी: या कामासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे शिवीच्या जातीचे. 'तक्रार' हा शब्द जरा बरा. पण तो आपल्या स्वतःच्या नुकसानीचा. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायासाठी मित्राविरुद्ध बोलावे लागले तर त्या बोलण्याला काय म्हणावे? अलीकडे वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा जुना शब्द नव्या अर्थाने वापरात आणला आहे, आणि तो सुरेख आहे. पण गावचा जागल्या नेमलेला असे, रात्री ओरडण्याचे त्याला बलुते मिळे, आणि तो ओरडला म्हणून कोणी त्याला घरभेद्या म्हणत नसे. खोलीतल्या मित्राला हे काम कोणी दिलेले नाही.

पुण्याला तर या बाबतीत विशेष आठवणी आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम लावले. चापेकरांची खबर देणारे द्रविड बंधू हे चापेकरांच्याच ओळखीपाळखीतले होते. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांना घराबाहेर बोलावून ठार मारण्यात आले, आणि ते करणारे वासुदेव चापेकर व महादेव रानडे फासावर गेले. सव्वाशे वर्षे उलटली, तरी या शहरात 'खबर देणे' या शब्दाला त्या इनामाचा वास येतो. परकी सत्ता असताना हे ठीकच होते. सत्ता आपली झाल्यावरही वास मात्र तोच राहिला. सरकारला फसवणे म्हणजे कोणाला तरी फसवणे, हे आपल्या मनाने अजून पुरते स्वीकारलेले नाही. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिना दीड हजार रुपयांची; वर्षभरात सरकारनेच सांगितले की सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याने त्यांचे हप्ते थांबवले आहेत, आणि चौदा हजारांवर पुरुषांनीही बहिणी होऊन पैसे घेतले. या बातमीवर आपण काय केले? विनोद केले. मलाही हसू आले होते, हे खोटे कशाला बोलू?

पण गरीब विद्यार्थ्याला मदत करण्याची पुण्याची आणखी एक आठवण आहे, आणि या प्रश्नात ती मला चापेकरांच्या आठवणीपेक्षा अधिक उपयोगी वाटते. ती म्हणजे वार लावून जेवण्याची. बाहेरगावचा मुलगा सदाशिव-नारायण पेठेत यायचा, सात घरे धरायचा, सोमवारी इथे तर मंगळवारी तिथे जेवायचा, आणि शिकायचा. त्या पद्धतीत लबाडी करणे फार अवघड होते. वाढणाऱ्या बाईला मुलाचा सदरा दिसे, पायातली वहाण दिसे, दुसरी पोळी मागताना त्याचा अडखळलेला हात दिसे. ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे असा मुलगा दोन आठवड्यांत उघडा पडला असता. देणारा आणि घेणारा एकाच पंक्तीला बसत, त्यामुळे दाखल्याची गरजच नव्हती.

म्हणून ते दिवस चांगले होते असे मात्र कोणी म्हणू नये. एक तर ती पंगत सगळ्या जातींच्या मुलांसाठी मांडलेली नव्हती. दुसरे म्हणजे त्या अन्नात उपकाराचे मीठ पडलेले असे, आणि ज्यांनी ते खाल्ले त्यांच्या जिभेवर ते म्हातारपणापर्यंत राहिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास सुरुवात केली. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून मुलांना स्वतःच्या श्रमावर शिकण्याची वाट दाखवली. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. या प्रत्येक कामामागे, मला वाटते, एकच इच्छा होती: मुलाला कोणाच्या ओसरीवर उभे राहावे लागू नये. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६० च्या सुमारास वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ केली, तेव्हा ही इच्छा कायद्याच्या भाषेत आली. गरिबी सिद्ध करायला आता कोणाच्या घरी ताट धरायचे नव्हते. एक कागद पुरे होता. आज त्या बाराशेचे आठ लाख झाले आहेत. २०२४ पासून त्या मर्यादेतल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी तर पूर्ण माफ आहे, ही गोष्ट आनंदाने नोंदवावी अशी.

त्या कागदाचे मोठेपण हे, की तो वर्गातल्या इतरांना तुमच्या ताटात डोकावू देत नाही. आणि त्याचा दोषही नेमका हाच. तहसीलदाराला मुलगा दिसत नाही, संगणकाला तर काहीच दिसत नाही. वाढणाऱ्या बाईचे डोळे आता कोणाकडे आहेत? खोलीतल्या मित्राकडे. घरून आलेले पैसे त्याला दिसतात, फोनवरचे बोलणे त्याच्या कानावर पडते. ज्याला पाहायचे नव्हते त्यालाच एकट्याला दिसते. म्हणून हा प्रश्न आजचा आहे, आणि तो एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांपुढे पडतो.

यावर एक सोपे उत्तर आहे, की पाहिले तर सांगावे, खोटे ते खोटे. मला ते मान्य नाही. प्रत्येक खोलीत एक तपासनीस बसवला, तर फसवणारे चार सापडतील आणि खरे गरीब चाळीस जण पुन्हा ओसरीवर उभे राहतील. गरीब मुलाने नवे बूट घेतले की शंका, सिनेमाला गेला की शंका. शिवाय शंका घेणाऱ्याला नियम ठाऊक असतो असेही नाही. इतर मागासवर्गीयांच्या 'नॉन-क्रीमी लेअर' दाखल्याचेच पाहा. केंद्राच्या १९९३ च्या आदेशाप्रमाणे तिथे उत्पन्नाची कसोटी लावताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरायचे नसते. तेव्हा आईवडील दोघेही तिसऱ्या श्रेणीच्या सरकारी नोकरीत असून मिळून दहा लाख पगार आणीत असले, तरी त्यांचा मुलगा त्या दाखल्याला पात्र ठरू शकतो. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा निराळी, तिचे गणित निराळे. हा नियम चांगला की वाईट हे वेगळे; पण तो मुलगा खोटारडा नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दुमजली घर, मोटारसायकल आणि लग्नातला मांडव यांच्यावरून सुखाचीही गोष्ट रचता येते आणि कर्जाचीही. खता-बियाण्यांच्या दुकानात माल उधारीने येतो, उधारीनेच जातो, आणि एक पावसाळा फसला की दुकानदाराचे उत्पन्न आठ लाखांच्या वर की खाली हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्या मित्राबद्दल मी त्या मुलाला लिहिले, की तुला जे वाटते ते ज्ञान नव्हे. ते तुझ्यापाशीच ठेव.

जाणत्या माणसांनाही या बाबतीत एकमत साधलेले नाही. कन्फ्यूशियसला एका सरदाराने अभिमानाने सांगितले, की आमच्याकडे इतके सरळ लोक आहेत की बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. त्यावर कन्फ्यूशियसचे म्हणणे पडले, की आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला सांभाळून घेतो, आणि सरळपणा त्यातच आहे. तिकडे ग्रीसमध्ये युथिफ्रो नावाचा तरुण एका मजुराच्या मृत्यूबद्दल स्वतःच्या बापावर खटला भरायला निघाला. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिसला नवल वाटते ते त्याच्या कृत्यापेक्षा त्याच्या खात्रीचे. आपल्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. खरेच बोलायचे असे त्याचे व्रत. पळून लपलेली माणसे कुठे गेली असे दरोडेखोरांनी विचारले, त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली, आणि कौशिक आपल्या सत्यासह नरकात गेला. या तिन्ही कथांत मला एक कमतरता जाणवते. ज्याची मेंढी चोरीला गेली तो माणूस कन्फ्यूशियसपुढे उभा नाही. त्याचे नाव नाही, त्याच्या घरी त्या रात्री काय शिजले याची चौकशी नाही. बाप आहे, मुलगा आहे, सरदार आहे, मेंढीवाला नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रात मेंढीवाला होता. म्हणूनच ते पत्र मला बाजूला ठेवता आले नाही.

फीची सवलत आणि वसतिगृहातली खाट यांत जो फरक आहे तो इथे येतो. सरकारी सवलत अयोग्य माणसाने घेतली तर तोटा सगळ्यांचा होतो, म्हणजे थोडाथोडा वाटला जातो. हे पाप लहान आहे असे मी म्हणत नाही; असल्या लहान पापांचाच डोंगर होतो, आणि मग सरकार आणखी दोन दाखले मागते, ज्यांच्यासाठी खऱ्या गरिबाच्या बापाला दोन दिवसांची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते. पण खाट मोजलेली असते. खाटेवर एक झोपला की दुसरा झोपू शकत नाही. त्या खाटेवर लिहिलेले खोटे कोणा दूरच्या, अदृश्य सरकारविरुद्ध नव्हते. ते त्याच गावच्या, त्याच शाळेच्या बाकावर बसलेल्या एका मुलाविरुद्ध होते. आणि इथे शंकाही नव्हती. भावाच्या पैशांची गोष्ट त्याने आपल्या तोंडाने सांगितलेली. अशा वेळी गप्प बसणे म्हणजे कोणाची बाजू न घेणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बाजू घेतलेली असते. फक्त ज्याच्याविरुद्ध घेतली तो खोलीत नसतो, म्हणून अवघड वाटत नाही. मैत्रीची हाक जवळची असते. रांजणगावच्या पाळीचा भोंगा सदाशिव पेठेत ऐकू येत नाही.

मग सांगायचे कसे? चुगली आणि तक्रार यांत जे अंतर आहे ते मला या 'कसे'मध्येच दिसते. मी त्याला लिहिले, की आधी ज्याचे त्याला सांग. एकट्याला गाठून, चारचौघांत नव्हे. खाट सोडण्यास त्याला वेळ दे, पण तारीख ठरवून दे. त्याने ऐकले नाही तर संस्थेच्या व्यवस्थापकांकडे जा आणि खाली आपले नाव लिही. आणि जाण्यापूर्वी मित्राला सांग की मी जातो आहे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून असा टेलिफोन आहे, की सरकारी भत्ता लबाडीने घेणाऱ्या शेजाऱ्याचे नाव आपले नाव न देता कळवावे. मला ती सोय आवडत नाही. आपल्या केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी अर्जांवर कारवाई करू नये असे ठरवले, ते शहाणपणाचे वाटते. कारण निनावी अर्जात न्याय किती आणि जुना सूड किती हे वेगळे काढता येत नाही. याला अपवाद आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातच आहे. जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सकाळी फिरायला निघाले आणि मारले गेले. बलाढ्यांविरुद्ध बोलणाऱ्याचे नाव झाकायलाच हवे. पण ज्याच्या विरुद्ध बोलायचे तो आपल्याच ताटात जेवणारा मित्र असेल, तर नाव झाकण्याने आपण फक्त त्याच्या नजरेला नजर देणे टाळतो.

आधी त्याला सांग, असे मी लिहिले त्याला आणखी एक कारण आहे. तो मुलगा अठरा वर्षांचा असताना बापाने पुढे केलेल्या कागदावर सही करून इथे आला. असले खोटे बहुधा घरात शिजते. 'सगळेच करतात' हे त्याचे तिखटमीठ. सवलतीचे अर्ज घेऊन पालक शाळेतही येतात, आणि मुलाच्या देखत, अगदी मोकळेपणाने, "किती दाखवू, सर?" असे विचारतात. ते मूल त्या क्षणी जे शिकते ते पुसायला माझे मराठीचे तास पुरे पडत नाहीत. तेव्हा अर्जावरच्या सहीत त्या मुलाचा वाटा आहे, पण सगळा त्याचा नाही. आज खाट सोडली तर त्याला भाड्याची खोली घ्यावी लागेल, भावाला चार पैसे जास्त पाठवावे लागतील, एवढेच. हेच खोटे त्याच्याबरोबर वाढले तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत सांगितले, की खोट्या जातदाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश कितीही वर्षे उलटली म्हणून राखता येणार नाही. उत्पन्नाचा दाखला ही वेगळी बाब आहे, शिक्षाही वेगळी. पण वर्षांच्या ढिगाखाली खोटे मरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात प्रशिक्षणासाठी आलेल्या पूजा खेडकर यांचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. त्याची चर्चा सुरू झाली ती खासगी गाडीवरच्या अंबर दिव्यावरून, आणि तिथून ती दाखल्यांपर्यंत गेली. ३१ जुलैला लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि न्यायालय काय ते ठरवील. मला त्या प्रकरणातला एक तपशील बोलका वाटला. त्यानंतर आयोगाने २००९ पासूनच्या पंधरा हजारांहून अधिक यशस्वी उमेदवारांची माहिती पुन्हा तपासून पाहिली. म्हणजे ज्यांचा काही दोष नव्हता अशा हजारोंच्या नावांवरूनही शंकेचे बोट फिरून गेले.

माझे पत्र पोहोचल्यावर दहाबारा दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. तो वसतिगृहातल्या मित्राशी बोलला होता. मित्राने आधी शिव्या दिल्या, मग तीन दिवस अबोला धरला, आणि मग विचारले, "पण खाट सोडली तरी ती त्यालाच मिळेल कशावरून? यादीत त्याच्यावर दुसरे असतील." प्रश्न खोटा नव्हता. माझ्या विद्यार्थ्याने तो मला विचारला आणि मी म्हणालो, की नसेल मिळत त्याला. यादीत वर जो आहे तो आपल्या गावचा नाही म्हणून त्याची खाट कमी मोलाची होत नाही. फोनवर बराच वेळ शांतता होती.

घटस्थापनेच्या आधी त्या मित्राने खाट सोडली. कारण म्हणून 'घरगुती अडचण' असे लिहून दिले. ते खोटे आहे हेही माझ्या विद्यार्थ्याने मला कळवले, आणि आता याचे काय करायचे असे विचारले. मी त्याला म्हटले, एवढे राहू दे. रांजणगावच्या मुलाला अजून यातले काही ठाऊक नाही. दिवाळीला चौघेही गावी जाणार आहेत. तिघे स्वारगेटहून आणि एक शिरूरहून.